कलम चार वगळता

"मास्तर, हे काय लिहून ठेवलंत?" नव्या फादरांनी कागद त्यांच्याकडे फिरवला.

कागद छापील होता. चर्चच्या वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने सही करायची होती: चर्चची सगळी शिकवण मला मनापासून मान्य आहे. खाली नऊ कलमं. बाकीच्यांनी उभ्याउभ्या सह्या ठोकल्या होत्या. एका बाईने तर हातातली भाजीची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. मास्तरांनी मात्र चष्मा पुसून कागद तीनदा वाचला आणि सहीच्या वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कलम चार वगळता.'

मास्तर म्हणजे लिफ्टमास्तर. एकतीस वर्षं त्यांनी शहरातल्या लिफ्ट तपासल्या. स्वतः तळापासून वरपर्यंत जाऊन आल्याशिवाय त्यांच्या पेनाचं टोपण निघत नसे. 'तिसऱ्या मजल्याचं दार वगळता सुस्थितीत' असं ते बेधडक लिहीत, मग मालक कितीही आदळआपट करो. आणि एकोणीस वर्षं दर रविवारी ते लहान मुलांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, तयार करत होते. तो वर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"चर्च म्हणजे लिफ्ट नव्हे, मास्तर," फादर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नवा होता. "एक दार सोडून बाकी सगळं चालू, असं इथे नसतं. पटत नसेल तर गप्प राहून सही करा. कोण विचारतंय?"

"खोटं बोलू नका, हे मीच शिकवतो पोरांना. दुसरा धडा."

"मग वर्गात काय सांगणार तुम्ही?"

"चर्च म्हणतं तेच. जसंच्या तसं. आजवर एक शब्द फिरवलेला नाही. पण मला ते मान्य आहे, हे माझ्या हातून लिहून होणार नाही."

"मग वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला सहाच आठवडे राहिलेत, विचार करा."

"द्या. पण मी चर्च सोडून जाईन असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका."

कलम चारमध्ये कुणाचं नाव नव्हतं, पण ते होतं त्यांच्या लेकीबद्दलच. पहिला नवरा हयात असताना जिने दुसरं लग्न केलं, तिने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. आठ वर्षं ती दर रविवारी मिस्सेच्या उपासनेला येत होती. शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रसादाची रांग निघाली की पाय आखडून इतरांना वाट द्यायची.

"करून टाका ना सही, बाबा," संध्याकाळी भांडी पुसता पुसता लेक म्हणाली. "मला आता सवय झालीय. आणि वर्ग गेला तर रविवारी तुम्ही करणार काय? आमचं डोकं खाणार."

मास्तर हसले नाहीत. "न बघता मी कधी सही केली नाही. आणि हे तर मी बघितलंय. त्या दिवशी तुझ्या पहिल्या नवऱ्याच्या घराचं दार मीच उघडलं होतं."

तिचा हात थांबला. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नसे. त्यानंतर तिचा जबडा तारेने बांधला होता आणि दीड महिना ती नळीने दूध पीत होती.

"पुसून झाली का ताटं?" मास्तरांनी विचारलं आणि फडकं स्वतःच्या हातात घेतलं.

वर्ग भाजीच्या पिशवीवाल्या बाईंकडे गेला. कपाटाची किल्ली देताना मास्तर एवढंच म्हणाले, "प्रसाद घ्यायचे हात नीट शिकवा. डावा वर, उजवा खाली, अंगठे बाजूला. घाबरली की पोरं मूठ मिटतात. आणि आमेन म्हणजे 'होय, मी मानतो', हे सांगा."

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मास्तर प्रथमच शेवटच्या बाकावर, लेकीशेजारी बसले. अकरा मुलं एकेक करून पुढे गेली. डावा वर, उजवा खाली. एकानेही मूठ मिटली नाही. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग मोठ्यांची रांग निघाली. मास्तर उठले, सगळ्यात मागे उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा फादरांचा हात क्षणभर प्रसादाच्या वाटीतच राहिला. मास्तरांनी हात पुढे धरले होते, डावा वर, उजवा खाली.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

"आमेन!"

आवाज इतका खणखणीत होता की शेवटच्या बाकापर्यंत पोचला. त्यातून काहीही वगळलेलं नव्हतं.

मास्तर परत आले, तेव्हा लेकीने पाय आखडून त्यांना वाट दिली.