सावळघाटातला वाकडा बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच जाड, बोटभर लांब आणि कमरेत वाकलेला. मित्रांनो, मला पाहून हसू नका. हसणाऱ्यांचा मला राग येतो. तसा मला पुष्कळ गोष्टींचा राग येतो. गंजाचा येतो, हातोड्याचा येतो, आणि ‘बसव रे कसाही’ म्हणणाऱ्या माणसांचा तर सगळ्यात जास्त येतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तापून लाल झालेल्या सळईचा तुकडा तोडला, त्याच्या माथ्यावर घण घातला आणि मला डोकं आलं. मग माझ्या अंगावर आटे पाडले. आटे म्हणजे अंगाभोवती गोल फिरत जाणारी ती खाच. ती पाडताना सालटी निघतात, पण त्याशिवाय बोल्ट कसला? मी साधा खिळाच राहिलो असतो. माझ्या अंगावर इंचाला चोवीस आटे आहेत. बारीक आणि दाट. ज्या भोकात तेवढेच आणि तसेच आटे असतील, त्याच भोकात मी सरळ जातो. दुसरीकडे घुसवलं तर मी तरी मरतो, नाहीतर ते भोक तरी.

एका काळ्या मोटारीत बसून मी जहाजातून हिंदुस्थानात आलो. आम्ही तीन सख्खे भाऊ. स्टिअरिंगची जड पेटी गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणं हे आमचं काम. चाक कुठेही वळो, हिसका आम्हाला बसायचा. नाशिकच्या नानांनी तरुणपणी ही गाडी मनमाडच्या एका रेल्वेच्या साहेबाकडून घेतली. दर महिन्याला ते गाडीखाली आडवे होऊन आम्हाला रॉकेलच्या फडक्यानं पुसत. “माझे तीन पहिलवान!” असं म्हणत. काय सांगू मित्रांनो, ते ऐकून छाती फुगायची.

पुढे नानांचे डोळे अधू झाले. गाडीवर ताडपत्री पडली. उंदरांनी गादी कुरतडली आणि आम्हाला गंजानं पोखरायला सुरुवात केली. कितीतरी पावसाळे आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. गेल्या वर्षी मात्र नानांनी हट्टच धरला. सुरगाण्याला त्यांची थोरली बहीण धोंडाबाई राहते. दसऱ्याला तिला सोनं द्यायला याच गाडीतून जायचं, म्हणाले. त्यांची मुलगी मालिनी गाडी चालवणार होती.

तिनं गाडी बाहेर काढली, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आमचा एक भाऊ निखळून रस्त्यावर कुठेतरी हरवला. चाक हातात डगडग हलायला लागलं. तशीच ती गाडी हळूहळू नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या झुंबरच्या गॅरेजमध्ये घेऊन आली.

दिवस नेमका खंडेनवमीचा होता. झुंबरनं सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती. पाने, हातोडे, छन्न्या, आणि अगदी मध्ये ती पोलादी पात्यांची फणी. मित्रांनो, ही फणी केसांची नव्हे. तिच्या प्रत्येक पात्याला वेगळे दात असतात. पातं बोल्टावर टेकवायचं. दात खाचांत चपखल बसले की आटे कोणते ते कळतं. हळदकुंकू वाहून झालं होतं. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा झुंबरच्या बापापासूनचा नियम.

“उद्या या, ताई,” झुंबर म्हणाला.

“उद्या पहाटेच निघायचंय हो. नाना रात्रभर झोपणार नाहीत. एका बोल्टाचं तर काम आहे!”

झुंबरचा धाकटा भाऊ सुनील पुढे झाला. “दादा, नुसती फणी घेतो. जुन्या गाडीचे आटे येगळे असत्यात. मोजून बघतो, लगेच ठेवतो.”

त्यानं हात पुढे केला आणि झुंबरनं त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की पाटावरचा नारळ घरंगळत गेला.

“पूजेला हात लावला तर हात तोडीन तुझा!”

सुनीलनं त्याची गचांडी धरली. दोघे मांडवाच्या बांबूवर आदळले. झेंडूच्या माळा तुटून ऑईलमध्ये पडल्या. मालिनी मध्ये पडली म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी रक्त सांडलं असतं. झुंबर शिव्या देत घरी निघून गेला.

मग सुनीलनं सगळा राग आमच्यावर काढला. गाडीच्या डिकीतला नानांचा पाना त्यानं माझ्या डोक्याला लावून पाहिला, तो ढिला पडला, कारण गंजानं माझं डोकं झिजलं होतं. पूजेबाहेर राहिलेला, घरच्या बादलीतला चौदाचा पाना आणून दगडानं ठोकला, तेव्हा तो बसला. “चौदाचाच आहे,” तो पुटपुटला. आमच्याकडे बोल्टाला नाव पडतं ते पान्याच्या आकड्यावरून. डोकं चौदाचं म्हणजे बोल्ट चौदाचा! आटे गेले खड्ड्यात. नव्या जपानी बनावटीच्या गाड्यांचे चौदाचे बोल्ट डब्यात पडलेच होते. त्यातला एक उचलून त्यानं माझ्या भावाच्या रिकाम्या भोकात लावला.

हातानं तो दीड फेराही जाईना. जाणार कसा? तो माझ्याहून केसभर जाड, आणि त्याचे आटे विरळ. तिथेच थांबायला हवं होतं. सुनीलनं पान्याला लांब पाइप लावला आणि पाय देऊन दाबला. भोकाच्या आट्यांचे लचके तुटत होते आणि मी शेजारून ऐकत होतो. तो आवाज मी विसरलेलो नाही. आम्हाला ओरडता येत असतं तर अख्खी द्वारका जागी झाली असती.

“बसला! आता हत्ती बांधा याला,” सुनील म्हणाला.

दसऱ्याला सकाळी आम्ही पेठ रस्त्याला लागलो. नाना मांडीवर आपट्याची पानं घेऊन बसले होते आणि एखाद्या पोरासारखे खिडकीबाहेर पाहत होते. सावळघाटाच्या एका वळणावर समोरून जीप आली. मालिनीनं जोरात चाक फिरवलं. तो उपरा बोल्ट भोकातले उरलेसुरले आटे घेऊन सुटला. त्याचा भार माझ्या दुसऱ्या भावावर पडला आणि गंजलेली त्याची मान कडकन तुटली. राहिलो मी एकटा. पेटीनं मला पिळलं, मी कमरेत वाकलो, पण सोडलं नाही. एका बाजूला दरी होती. मी धरलं होतं तेवढ्यावरच मालिनीनं गाडी दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या कातळावर घातली.

काच फुटली. पत्रा फाटला. नानांचा खिडकीतला हात दार आणि कातळ यांच्यामध्ये सापडला. आपट्याची पानं रक्तानं भिजली. मालिनी “नाना! नाना!” ओरडत दार उपसत होती, आणि मी लोखंडाचा असून मला ते बघवेना.

तेवढ्यात मोटरसायकलवरून झुंबर आणि सुनील पोहोचले. सकाळी पूजा उचलायला आलेल्या झुंबरला फरशीवर आट्यांचा कीस पडलेला दिसला होता आणि सुनीलला मागे बसवून तो आमच्या मागे सुटला होता. दोघा भावांनी पहार घालून दार तोडलं. नानांचा जीव वाचला. त्या हाताची दोन बोटं गेली.

“मी मारलं नसतं तर तू मोजलं असतं,” झुंबर रस्त्यात बसून सुनीलला म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मला मात्र भोकाभोवतीचं लोखंड करवतीनं कापून काढावं लागलं. आता मी कोणत्याच भोकात बसत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला झुंबरनं पाटाच्या मध्यावर मला ठेवलं. माझ्या वाकड्या कमरेवर कुंकू लावलं. नाना आले होते. अधू डोळ्यांनी त्यांनी पाट न्याहाळला.

“अरे झुंबर, तुझी फणी दिसत नाही पूजेत?”

झुंबरनं खिशावर हात ठेवला. “तिला आज बी सुट्टी नाय, नाना.”

नानांनी उरलेल्या तीन बोटांनी मला उचललं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं. “माझा पहिलवान,” ते म्हणाले. मित्रांनो, या वेळी माझी छाती फुगली नाही. मला त्यांची दोन बोटं हवी होती.

कुंकू नका लावू आम्हाला. बोल्ट आधी हातानं फिरवून पाहा. जात नसेल तर पाइप बाजूला टाका, दगड टाका, राग टाका, आणि मोजा.