चौथ्या दिवसाचा सूर्य

पंचवीस वर्षं मी चर्चच्या संडे स्कूलमध्ये उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवतेय. देवानं जग घडवलं त्या सहा दिवसांची फळ्यावर चिकटवायची चित्रं मी स्वतः जाड कापडातून कापलीत: उजेड, आकाश, झाडं, सूर्य, मासे, माणसं. आणि यंदा बाबा म्हणतात कसे, "धाकटी आलीय ना, तिला घेऊ दे वर्ग." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या!

बाबा याच चर्चचे निवृत्त पाळक. दृष्टी गेल्यापासून रोज सकाळी त्यांना बायबल वाचून दाखवते मी, गोळ्या देते मी, नखं कापते मी. धाकटी बहीण शहरातल्या संग्रहालयात जीवाश्म साफ करते. वर्षातून दोनदा उगवते, आणि लाडकी कोण? तीच!

वर्गात मी बाबांना घेऊन मागच्या बाकावर बसले. तिनं पिशवीतून एक दगड काढला. त्यात अख्खा मासा, काटा न् काटा दिसत होता. "हा माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीचा," ती म्हणाली. "जीव असे हळूहळू बदलत गेले."

मी ताडकन उठले. "मग बायबलमधले सहा दिवस खोटे का गं?" सगळ्या मुलांसमोर तिची फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं.

ती डगमगली नाही. फळ्यावरचा माझा सूर्य तिनं अलगद सोडवला. "हा कितव्या दिवशी झाला?"

"चौथ्या!" मुलं ओरडली.

"मग आधीचे तीन दिवस कशावर मोजले? ते आपले दिवस नव्हेत, देवाचे. जीव कसकसे घडत गेले ते हा मासा सांगतो. कुणी घडवले ते बायबल सांगतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला हे ताईनंच शिकवलं. याच वर्गात."

कसलं शिकवलं! तेव्हा ती सात वर्षांची होती. तिनं सूर्य पहिल्याच दिवसावर चिकटवला. "सूर्य नसताना दिवस कसा होईल, ताई?" मला उत्तर येईना, म्हणून कान धरून तिला तासभर दाराबाहेर उभं केलं होतं मी.

दगड फिरत फिरत बाबांकडे आला. त्यांनी माशाच्या पाठीवरून सावकाश बोटं फिरवली. "किती सबुरीनं केलंस रे, देवबापा," ते पुटपुटले. मग चाचपत माझा हात धरला. "आणि हे हिला तू शिकवलंस? कधी बोलली नाहीस पोरी!" असा उजळलेला चेहरा त्यांनी माझ्याकडे कधीच वळवला नव्हता.

खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"हो बाबा," मी म्हणाले. "मीच."

धाकटीनं ऐकलं. सूर्य परत चौथ्या दिवसावर नीट चिकटवला, कडा दाबून बसवल्या, आणि काहीच बोलली नाही. मेलीचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.