उघड्या प्लेटचा वास

लॅबच्या मॅडमच्या भावाचा ताप हटत नव्हता आणि मॅडमचा पाय एका जागी ठरत नव्हता. संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे घामानं अंथरूण भिजवून उतरायचा, सुटलो म्हणेपर्यंत पुन्हा हजर. भाऊ जनावरांचा डॉक्टर, म्हणजे स्वतःचं दुखणं अंगावर काढण्यात वस्ताद. शेवटी त्याला दरडावून बसवलं आणि मॅडमनी स्वतः रक्त काढून, त्यातले जंतू वाढवून बघायला कल्चरला लावलं.

"जनावराकडून काही लागलं नाही ना रे?"

"छे गं ताई! नेहमीचीच कामं."

जंतू फार सावकाश वाढले. प्लेटवर बारीक ठिपके दिसले तेव्हा मॅडमना धीर निघेना. अशी प्लेट काचेच्या बंद कपाटात उघडायची असते. त्यांनी ती टेबलावरच उघडली आणि नाक खाली नेलं. वासावरून जंतू ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. हे नियमात बसत नाही असं सांगायची कुणाची टाप नव्हती; मॅडम नाकावर माशी बसू देत नसत.

"मला काही कळेना. तू बघ गं."

सातव्या महिन्याचं पोट सांभाळत लॅबमधली ज्युनिअर वाकली. "नाही मॅडम, कसलाच वास नाही."

सूक्ष्मदर्शकाखाली रेतीसारखे कण दिसले. मॅडमना शंका आली. त्यांनी भावाला फोन लावला.

"नेहमीची कामं म्हणजे नेमकी कुठली?"

"एका कळपात शेळ्या गाभडत होत्या. गर्भाशयात अडकलेल्या वारा हातानं काढल्या. हातमोजा फाटला होता, पण ते काय, रोजचंच."

"रोजचंच म्हणे! गाढवा, ब्रुसेला जंतू दिसतोय तुझ्या रक्तात. औषधानं बरा होशील." आनंदानं त्यांचा आवाज चिरकला.

मग भाऊ म्हणाला, "ताई, प्लेट कपाटातच उघडलीस ना?"

मॅडमच्या पायाखालची वाळू सरकली. हा जंतू श्वासावाटे शिरतो. शेळ्यांचे गर्भ पाडतो, आणि गरोदर बायकांनाही सोडेलच असं नाही.

पक्का रिपोर्ट यायला अवकाश होता. तोवर गप्प बसता आलं असतं. शंका खोटीही निघाली असती. त्या दारापर्यंत गेल्या, परतल्या, पुन्हा गेल्या. उशीर झाला तर औषधाचा उपयोग काय? स्वतःचीच त्यांना शिसारी आली.

ज्युनिअर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मॅडमनी तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

तिचे दोन्ही हात पोटावर गेले. "बाळाला काही होईल?"

"माहीत नाही. आत्ता तुझ्या डॉक्टरकडे जायचं. आजच औषध सुरू करायचं."

"मला नव्हतं वाकायचं, मॅडम. तुम्ही म्हणालात म्हणून वाकले."

"हो," मॅडम म्हणाल्या. "मी म्हणाले म्हणून."

त्यांनी आधारासाठी हात पुढे केला. ज्युनिअरनं तो धरला नाही. एकटीच उठली आणि दाराकडे चालू लागली. मॅडम तिच्या मागोमाग निघाल्या.