खांदेमळण

"हलू नको बे हौश्या," म्हणत भागवतने कोमट तुपात कालवलेली हळद पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्यावर चोळायला घेतली. उद्या पोळा. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्याचे लाड काय ते आज संध्याकाळी, आणि त्यात भागवत भारी काटेकोर.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," तो बैलाच्या कानात म्हणाला.

तेवढ्यात शेजारचा इंद्रभान कुंपणाशी आला. चार पोती आणायची होती, घटकाभर बैल हवे होते.

"एकदा खांदा मळला का मंग जू नाही," भागवत खेकसला. "देव आला तरी नाही!"

इंद्रभान गुमान परतला.

"जयमाला, पानी तापव! घुंगरं घासले का? अन् सकाळी सैपाकाच्या आंधी सोयाबीनवर उरलेला फवारा मारून घे."

"खांदा लई दुखून राह्यला," बायको म्हणाली. "उद्याच्याले राहू द्या."

"अळी थांबते का पोळ्यासाठी? माही कंबर धरली नसती त मीच गेलो असतो."

ही कंबर नेमकी फवारणीच्या दिवसांतच धरायची. तीन दिवस पाठीवर पंप वागवून जयमालाचा जीव नकोसा झाला होता. पण घरात बोलायची सोय नाही. बोललं की आणखी एक काम मागे लागायचं.

भागवत झुली आणायला आत गेला. परतला तर जयमाला गव्हाणीशी बसली होती. पदर बाजूला सारून, वाटीतली उरलेली हळद ती स्वतःच्या खांद्यावर चोळत होती.

"आज आवतन घे," ती स्वतःलाच म्हणत होती, "उद्या जेवाले ये."

"अवं, येडी झाली का तू?"

"माहा खांदा मळला," वर न बघता ती म्हणाली. "आता तुमीच सांगा."

भागवत हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. पंपाच्या पट्ट्याने सोललेली जागा लालभडक झाली होती. हौश्याच्या खांद्यावरही तसाच वळ होता. त्याच्यासाठी परवा त्याने चिखलीहून मलम आणलं होतं.

झुली खाली ठेवून तो दाराआडच्या पंपाकडे गेला. जयमालाच्या मापाला आवळलेला पट्टा त्याने बकलातून सोडवला आणि स्वतःच्या खांद्याला लावून लांब करू लागला.

"अन् तुमची कंबर?" तिने विचारलं.

त्याने पट्टा परत बकलात ओवला.

"नाही दुखत तेवढी," तो म्हणाला.