तोरणाखालची झडती

सदाशिवरावांचं नाक कापायचं, तेही भर पोळ्यात, साऱ्या गावासमोर. रुपालीनं वर्षभर दुसरं काही मनात येऊ दिलं नाही.

कारणही तसंच होतं. नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत, म्हणून गेल्या पोळ्याला बैल घेऊन तीच तोरणाखाली उभी राहिली. बैल सुटण्याआधी तिथं झडत्या होतात, म्हणजे यमक जुळवून एकमेकांना काढलेले चिमटे. बाईनं झडती म्हणायची रीत नाही, पण हिला हौस. "आभाळ आलं भरून, भिजली काळी माती..." एवढं म्हणाली आणि पुढचं साफ विसरली. सदाशिवराव गावचे झडतीबहाद्दर, गावनात्यानं तिचे सासरे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ओळ पुरी केली, "नवरा बसला खाणीत, अन् कासरा बायकोच्या हाती!"

गाव खदाखदा हसलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी, पण ती ओळ गिरणीवर, किराणा दुकानात, दारव्ह्याच्या जीपमध्ये तिच्या मागे लागली. नवरासुद्धा फोनवर म्हणाला, "कायले गेलतीस तोंड उघडाले?" त्याच्यावरही तिनं दात धरला, पण पहिला नंबर सदाशिवरावांचा.

कापूस वेचताना ती रोज एक झडती रचू लागली. पहिली अशी, "कपाशीले आली बोंडं, सदाशिवाचं काळं तोंड!"

"हे झडती नाही, शिवी हाये," सासू वच्छलाबाई म्हणाली. "चिमटा असा काढाव, का गाव हसलं पाह्यजे."

रुपालीला हसवायचं नव्हतंच, रडवायचं होतं. पण म्हातारीचं खरं होतं. मग रोज म्हणायची, रोज फसायची. यमक लंगडं पडायचं, वेचणाऱ्या बाया फिदीफिदी हसायच्या. तिनं एकच ठरवलं, अडलं तरी थांबायचं नाही, तोंडात येईल तो शब्द रेटायचा. बहुतेक वेळा भलतंच निघायचं. कधी मात्र त्या भलत्याच शब्दातून अशी ओळ यायची की बाया ओटीतला कापूस विसरून टाळ्या पिटायच्या. निंदणाचे दिवस आले तोवर चुकायची भीती मेली होती. राग तेवढा तिनं नीट जपला.

एकदा सासू सहज बोलून गेली, "सदाशिव म्हणते त्या साऱ्या त्याच्या बापाच्या झडत्या. मी लगन होऊन आली तवापासून त्याच ऐकून राह्यली."

त्या दिवशी रुपालीला भाकर फार गोड लागली.

पोळा आला. बैल झुली पांघरून तोरणाखाली उभे राहिले. सदाशिवरावांनी सुरुवातीलाच टोमणा मारला, "काहो सूनबाई, औंदा तरी पुरी येते का?"

ती पुढं झाली. "खाण खोदे नवरा, वावर पाहे बाई, कासरा माह्या हातात, लाज कायची नाही!" आणि पुढचा शब्द पुन्हा निसटला. गावानं हसायला तोंड उघडलं, तर हीच आधी हसली. "चुकलं!" म्हणाली आणि तिथूनच रेटलं, "चुकते तरी माही झडती, नाही कोणाची चोरी, मामाजीच्या तोंडात अजून बापाचीच शिदोरी!"

"हर बोला हर हर महादेव!" गाव उसळलं. तांड्यावरचे हरिसिंग ओरडले, "सदाशिवभाऊ, आता तुमची सोताची होऊन जाऊ द्या!"

सदाशिवराव खाकरले. "बैलाच्या शिंगाले लावला हिरवा रंग..." म्हणाले. "लावला हिरवा रंग..." पुन्हा म्हणाले. मिशीवरचा हात खाली आला. अडल्यावर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जन्मात ते कधी अडलेच नव्हते. त्यांनी रुपालीकडे पाहिलं. म्हाताऱ्याची नजर भीक मागत होती.

ढंग, संग, दंग, हवं ते यमक तिच्या जिभेवर होतं. एक शब्द टाकला असता तर म्हाताऱ्याची अब्रू राहिली असती.

"सांगा ना, मामाजी," ती गोड आवाजात म्हणाली. "घाई नाही. सारं गाव थांबलं हाये."