येथे मिलो दळला जात नाही

मिरजगावात दोन चक्क्या होत्या आणि बहात्तरच्या दुष्काळात दळायला एकीपुरतंही धान्य नव्हतं. श्रीमंतची चक्की जुनी, समोरची गोरक्षनाथची नवी. दळणावळ तीच, इंजिनाची पुकपुक तीच, पीठही सारखंच भरड. श्रीमंत दिवसभर दारात बसून समोरच्या रांगेकडे बघायचा आणि जळायचा. शेवटी तो माझ्याकडे आला. मी शाळेतला मास्तर, अक्षर वळणदार, शिवाय न विचारता सल्ला देण्याची खोड. विचारल्यावर तर बघायलाच नको.

"मास्तर, लोकांनी माज्याकडंच यावं असं कायतरी काढा," तो म्हणाला.

"गोरक्षनाथ जे करतो ते तुम्ही करू नका," मी म्हणालो.

त्या वर्षी रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळत होता. दाणा ज्वारीसारखाच, पण तांबडा. जनावरांचं खाणं म्हणून सगळं गाव त्याला नावं ठेवायचं आणि निम्मं गाव तोच खायचं. गोरक्षनाथ तो दळून द्यायचा, त्यामुळे मिलोच्या मागून ज्वारी टाकणाऱ्याच्या पिठात तांबूस झाक उतरायची. मी एका काळ्या फळीवर पांढऱ्या रंगानं लिहून दिलं, 'येथे मिलो दळला जात नाही.'

पंधरा दिवसांत पाटीनं काम केलं. ज्यांच्या कणगीत ज्वारी होती ते सगळे श्रीमंतकडे वळले. ज्यांच्याकडे नव्हती तेसुद्धा कुठून कुठून चार पसे ज्वारी पैदा करून त्याच्याच दारात येऊ लागले, कारण दळण कुठे टाकता यावरून आता घराची पत ठरत होती. श्रीमंतलाही चेव चढला. तो प्रत्येक डब्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचं धान्य वर काढून बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "चोख!" बायका ते ऐकायला थांबायच्या. मलाही ते फार आवडायचं. रविवारी मी मुद्दाम वर्तमानपत्र घेऊन तिथे बसायचो.

रंगुबाई आमच्या शेजारी राहायची. नवरा वारलेला, ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्या बनूचं लग्न जमत आलं होतं. मुलगा नगरला कारखान्यात लागलेला, असं स्थळ त्या साली दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. मुलाची आत्या राहीबाई घर बघायला मुक्कामी आली आणि चहा पिता पिता तिनं सहज विचारलं, "दळान कुठं टाकता?"

"श्रीमंताकडं," रंगुबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मग उद्या जाऊ की संगंच. तेवढंच तुमचं गाव बगून हुईल."

त्याच संध्याकाळी रंगुबाई मागच्या दारानं माझ्या बायकोकडे आली. इंदूनं तिला दोन शेर ज्वारी दिली. घरात होती तेवढीच देता आली. खाली मिलो, वर ज्वारी, डबा रांगेत ठेवायचा, पाहुणी गाडीला बसली की उचलून गोरक्षनाथकडे न्यायचा, असं दोघींनी ठरवलं. मी ओट्यावर बसून सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चक्कीत आठ-दहा बायका होत्या. रंगुबाईनं डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या रांगंत. मी मागनं येते." राहीबाई दाराशी उभी होती.

"बगू तर द्या," म्हणत श्रीमंतनं हात घातला.

रंगुबाईनं माझ्याकडे पाहिलं. डबा आमचा आहे, रंगुबाईंनी नुसता आणून दिलाय, एवढं मी म्हणालो असतो तरी श्रीमंतनं तो माझ्या भिडेखातर बाजूला सारला असता. पण मग मास्तरांच्या घरात मिलो शिजतो, असं दुपारपर्यंत गावभर झालं असतं. मी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

श्रीमंतची मूठ बाहेर आली ती तांबडी. त्याला डबा नुसता मागे ढकलता आला असता. त्यानं आधी सगळ्यांकडे बघून घेतलं, मग डबा उचलला आणि जमिनीवर पालथा केला.

"पाटी वाचता येत न्हाई तर इचारायचं! माज्या जात्यात जनावराचं खानं?"

बायका हसल्या. रंगुबाई खाली बसून दोन्ही हातांनी दाणे गोळा करू लागली. ज्वारी आणि मिलो एक झाले होते, तरी ती ज्वारी तेवढी वेगळी करायला बघत होती. कुणी वाकलं नाही. समोरच्या रांगेतल्या दोघी आपले डबे उचलून इकडे आल्या आणि श्रीमंतनं त्यांच्याही डब्यात हात घालून "चोख!" म्हटलं.

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, पाटीनं समोरची दोन गिऱ्हाइकं ओढली याचा आनंदही झाला.

राहीबाई एस.टी.च्या थांब्यावर गेली होती. मी मागोमाग गेलो. म्हणालो, "बाई, मुलगी गुणाची आहे. या साली मिलो कोण खात नाही?"

"आमी बी खातो की," ती म्हणाली. "दिवाळीपासनं त्योच शिजतोय. त्याचं काय न्हाई, मास्तर. पर ह्यांचा चारचौघांत सांडला. तितं आमच्या गावच्या, हितं दिलेल्या दोघी हुत्या. आता ही पोरगी आमी आनली, तर उद्या लोक आमच्या डब्यात हात घालत्याल."

गाडी आली. मी तिची पिशवी वर दिली. बनूला हे कुणी सांगायचं, ते तिनं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परत येताना श्रीमंतनं दारातूनच हाक मारली. "मास्तर, अक्षरं जरा मोठी पायजेत. लांबनं वाचायला येत न्हाईत."

रंगुबाई अजून उंबऱ्याशी बसून दाणे वेचत होती.

"करू," मी म्हणालो, आणि तिला वळसा घालून घरी गेलो.