ऑब्लिगेशन नको

हा शब्द थोरल्याला त्याच्या दुकानात दाढीला येणाऱ्या मास्तरांनी दिला. मदत घेतली की माणूस बांधला जातो, म्हणून इंग्रजीत आभार मानतानाही 'ऑब्लाइज्ड' म्हणतात, असं त्यांनी गालाला फेस असतानाच समजावलं होतं. थोरल्याने त्यातलं बांधलं जाणं तेवढं उचललं आणि आभार मास्तरांकडेच ठेवले. तेव्हापासून कुणी छत्री देऊ केली तरी "ऑब्लिगेशन नको" म्हणून हा पठ्ठ्या भिजत घरी जायचा. स्वतःचे केससुद्धा दोन आरसे लावून स्वतःच कापायचा, आणि झकास कापायचा.

धाकट्या भावाचंही केस कापायचं दुकान समोरच्याच फुटपाथवर. थोरल्याची खुर्ची मोडली तेव्हा तो आपली जास्तीची खुर्ची ओढत घेऊन आला होता. त्यालाही तेच उत्तर मिळालं. सख्ख्या भावाला असं बोलतात का? धाकटा खुर्ची ओढत परत गेला, थोरल्याने आपली मोडकी दोरीने आवळली, आणि दोघांत नुसतं मान हलवण्यापुरतं नातं उरलं.

मग थोरल्याचा खांदा आखडला. हात पुढे छान चालायचा, गिऱ्हाइकांची कामं बिनबोभाट व्हायची, पण डोक्यामागे काही जाईना. तरी गडी ऐकतोय कुठला, आपले केस आपणच कापत राहिला. बायको म्हणाली, मागून उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतंय, गिऱ्हाइकं हसतात. त्याला हसण्याचं काही वाटलं नाही. भावाची मात्र फार आठवण आली.

शनिवारी भर गर्दीत तो छाती काढून रस्ता ओलांडून गेला आणि त्याच जास्तीच्या खुर्चीत बसला. धाकट्याने कापड बांधलं. मानेला भावाची बोटं लागली तसे थोरल्याचे डोळे भरून आले, आणि आरशात ते दोघांनाही दिसलं.

काम होताच थोरला उठला. "बस आता. तुझे मी कापतो. फिटंफाट."

धाकट्याने कापड काढून घेतलं. "आज नाही, दादा. माझे वाढू देत महिनाभर. तोवर राहू दे की थोडं ऑब्लिगेशन."

थोरल्याने मान चाचपली. कुठे खाच नव्हती.

तो आपल्या दुकानात परतला तेव्हा मास्तर दोरीच्या खुर्चीत सांभाळून बसले होते. केस कुणी कापले, त्यांनी विचारलं.

"भावाने," तो ऐटीत म्हणाला. "महिनाभर ऑब्लिगेशन आहे माझ्यावर. आणि उठा जरा, त्याची खुर्चीही आणतोय."